गुणाचा चेडू

तारामुंबरीच्या आमच्या वाडीत
माझ्या रुंजीएवढं शहाणं बाळ नव्हतं.
रात्री एकदाही उठायची नाही.
इंजेक्शन टोचलं तरी जरा कण्हायची,
घोगरं, म्हाताऱ्या माणसासारखं,
आणि पुन्हा झोप.

सुलभाकाकी पाटी रिकामी करून परतताना
ओटीवर टेकायची.
'गुणाचा चेडू गो तुझा. रडणा नाय की काय नाय.'
खोटं कशाला बोलू, मिरवायचे मी.
शेजारच्या नीलमचं पोर रात्रभर किंचाळायचं
तेव्हा कूस बदलून
मनात हसायचे.

महिना उलटला तरी अंगावरचं पिवळं जाईना.
सकाळच्या उन्हात ठेवा म्हणाले.
खळ्यात एका बाजूला मिठातले बांगडे,
एका बाजूला ही,
मध्ये मी, कावळे हाकायची काठी घेऊन.

बेंबी वर आली, सासूबाईंनी रुपयाचं नाणं बांधलं.
शी पाच-पाच दिवस नाही, तर विड्याच्या पानाचं देठ.
जीभ ओठाबाहेर राहायची,
तिचा बाबा म्हणायचा, चिडवते बघ मला.
हातपाय गार. म्हटलं, खाडीचा वारा.
प्रत्येक गोष्टीला आमच्याकडे उत्तर होतं.
सरकारी दवाखान्यातही होतं:
एकेक बाळ असतं संथ.
तिसऱ्यांदा गेले तेव्हा डॉक्टर म्हणाले,
'पहिलटकरीण ना?' आणि हसले.
मीही हसले.
ते हसणं अजून घशात आहे,
भाताचा गोळा गिळूनही न उतरलेल्या काट्यासारखं.

कणकवलीच्या बाईंनी पाचव्या महिन्यात
तिला उचललं, मान मागे लोंबली,
आणि त्या बोलता बोलता थांबल्या.
मग विचारलं,
जन्मल्यावर टाचेतून रक्त घेतलं होतं?

टाच.
मला ती नर्स आठवली,
निळ्या पॅडवर इवला पाय दाबणारी,
कार्डावर उमटलेली पाच बोटं.
शाई लावली होती, बाई.
टोचली नव्हती कोणी.

एक थेंब.
सुरमई कापताना बोट चिरलं
तर त्याहून जास्त वाहून जातं नळाखाली,
मी बघतही नाही.

गळ्यातली एक ग्रंथी, म्हणाल्या,
जन्मापासून कामच करत नाहीये.
गोळी साधी. रोज. उपाशीपोटी. आयुष्यभर.
आणि गेलेले महिने?
त्यांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, लावलं.
'आत्ताच सांगता येणार नाही. बघत राहू.'

परतीच्या एसटीत
ती मांडीवर निजलेली, देवगडपर्यंत.
बाजूची बाई वाकून कौतुकाने म्हणाली,
किती शांत आहे हो!
मी तिच्याशी भांडले.
काय बोलले आठवत नाही.
कंडक्टर मध्ये पडला.

आता पहाटे बोटी जेटीला लागतात
तेव्हा मी दोन चमच्यांमध्ये गोळी चुरडते,
त्यात माझ्याच दुधाचे चार थेंब.
ती जिभेने बाहेर ढकलते.
मी बोटाने पुन्हा आत.

एकविसाव्या दिवशी, रात्री दोनला,
ती रडली.
गळा फाडून, पाय झाडून.
मी दिवा लावला नाही. लगेच उचललंही नाही.
नीलमच्या घरातली लाईट लागली.
म्हटलं, उठू दे. सगळ्या वाडीला उठू दे.

सकाळी सुलभाकाकी ओटीवर टेकली.
बाळाबद्दल काही बोलली नाही.
पाटीतले चार सौंदाळे माझ्या ताटलीत ठेवले,
पैसे नको म्हणाली,
आणि जाताना पदराने नाक पुसलं.

एवढंच. मान अजून धरत नाही.
दिलेल्या प्रत्येक गोळीला
मी तारखेभोवती गोल करते.
नवं कॅलेंडर जुन्याच खिळ्याला,
जुन्याच्या वर लावलंय.
खालचं काढवत नाही.
ऑगस्ट ते डिसेंबर.
त्यावर फक्त
गॅस संपल्याच्या तारखा आहेत.