मिठाचा डबा

गावाचं नाव बदललं तो दिवस कुणाच्याच लक्षात नाही.
जिल्ह्याच्या कचेरीत एक समिती बसली होती,
समोर नकाशा, नकाशावर चहाच्या ग्लासाचा गोल डाग,
डागाच्या आत बिर्नबाख.
कुणीतरी शब्दकोश चाळला. बिर्न म्हणजे नासपती.
मग ग्रुशनिक लिहा.
पुढचं गाव.

माझी आजी गेनोवेफा तेव्हा वाटेतच होती,
बुग नदीपलीकडून निघून एकविसावा दिवस,
गुरांच्या डब्यात दोन मुलं, एक गाय
आणि शिवणयंत्राचं नुसतं चाक.
यंत्र विकलं तर चाक का ठेवलं,
असं विचारलं की चिडायची.

तिच्या वाट्याला आलेल्या घरात चूल पेटलेली होती.
चुलीपाशी ओटिलिए नीचके, दंडावर पांढरी पट्टी.
तिलाही जायचंच होतं, पण गाडी लागायची होती.
सात महिने एका चुलीवर दोन बायका.
एकीचा नवरा मिन्स्कजवळ बेपत्ता.
दुसरीचा कुणी मारला, ते आजीने कधी सांगितलं नाही
आणि मी विचारायला शिकले तोवर
तिला ऐकू येईनासं झालं होतं.

फळीवर पत्र्याचे डबे, निळी फुलं, काटेरी अक्षरं.
आजीला कुठलीच अक्षरं येत नव्हती,
काटेरी काय नि गोल काय.
ओटिलिएने एकेक झाकण काढलं,
आजीचं बोट धरून आत बुडवलं,
मग आजीच्याच ओठांकडे नेलं.
पीठ. मीठ. तळाशी चमचाभर साखर.
शेवटच्यात काहीच नव्हतं, फक्त कॉफीचा वास,
तो दोघींनी आळीपाळीने घेतला.

नोव्हेंबरात चौकात ट्रक आला. माणशी वीस किलो.
उशी, मुलीचे बूट, भिंतीवरचं घड्याळ;
घड्याळ परत खिळ्याला.
ट्रक वळणाआड गेल्यावर आजीने पहिलं काम केलं :
मीठ साखरेच्या डब्यात, साखर मिठाच्या.
म्हणायची, घर कुठूनतरी आपलं करायला नको?

तरी वीस वर्षं तिने भिंतींना रंग दिला नाही.
उद्या उठवतील, मग रंग कुणासाठी?
पुढे वडिलांनी दिला. ओल आली की दुकानाच्या भिंतीवर
चुन्याखालून अजूनही उमटतं : बेकरी, मालक अमुक.
पोरं त्या अक्षरांवर चेंडू मारतात.

ब्याण्णव साली एक बस आली.
बुटांची ती मुलगी उतरली, इर्मट्राउट,
गुडघे दुखणारी, हातात केक.
घर मागायला आले नाही, हे वाक्य तिने पोलिशमध्ये पाठ करून आणलं होतं,
तेवढंच.
तिला आजोबांची कबर हवी होती.
वडील कितीतरी वेळ टोपी चुरगाळत उभे राहिले.
मग गोठ्यामागे गेले, डुकरिणीला ओढून बाहेर काढलं,
जमिनीतली फरशी पहारीने उलटवली,
तीन बादल्या पाणी ओतलं.
नाव होतं. वर्ष होतं.
ती खाली बसली, बोटाने अक्षरांतली घाण काढू लागली.
वडील तिच्या शेजारी बसले, दुसऱ्या टोकापासून तेच करू लागले.
एक शब्द कुणी बोललं नाही. डुकरीण मात्र ओरडत होती.

दगड आता नासपतीखाली आहे, थोडा कलता.

त्या दिवशी कॉफी झाली. इर्मट्राउटने फळीवरचा डबा ओळखला,
वाचला, आणि हात मागे घेतला,
मिठाचा डबा कॉफीबरोबर का ठेवलाय तिला कळेना.
आजीने तिचं बोट धरलं आणि आत बुडवलं.

खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
आम्ही कुणाच्या जागायचं?
डब्यात साखर आहे.
नवा पाहुणा आला की दरवेळी सांगायचं राहून जातं.