पान उलटणारी

पत्रिकेत माझं नाव नाही.
व्हिओला : मॉड हेबलथ्वेट. पियानो : ॲलन प्रॉसर.
चहा : चॅपलचं महिला मंडळ.
पानं उलटायला मी, पियानोवाल्याच्या डावीकडे,
ताठ पाठीच्या खुर्चीवर.
गडद कपडे घाल, ब्रेसलेट नको, खोकू नको.

बाहेर टॉडमॉर्डनचा नोव्हेंबर.
चारलाच दिवे लागलेत,
कालव्यावर धुकं, भांडी विसळलेल्या पाण्यासारखं.
आत एकतीस माणसं, त्यांतली नऊ कोट न काढता बसलेली,
आणि मिसेस ग्रीनहालची कुत्री, तिला संगीत चालतं.
हीटर टिकटिकतो म्हणून मॉडनं बंद करायला लावला.
सोडलेले मफलर पुन्हा गळ्याभोवती आले.

व्हिओला म्हणजे मधली बहीण.
थोरलीचे कपडे दुमडून घालणारी,
धाकटीचं रडणं पुसणारी,
कुणी विचारत नाही, पण
घरातल्या सगळ्या किल्ल्या कुठे असतात
ते तिलाच ठाऊक.
पहिल्या सोनाटात ती तसंच बोलली, घशातून,
जरा कमीच.
मग एक लोकगीतावरचा तुकडा, मेंढ्यांच्या टेकड्यांचा.
तो गोड होता. मी दोन पानं उलटली, विसरले.

शेवटची रचना मिस सग्डन यांची.
इथल्याच मुलींच्या शाळेत गाणं शिकवत,
एकोणीसशे सतरा.
वही सापडली पियानोच्या स्टुलात,
विणकामाच्या नमुन्यांखाली. छापलेली कधीच नव्हती.
तिसऱ्या पानाच्या तळाशी, शेवटच्या सुरावर,
पेन्सिलीनं : डी.साठी थांबा.

तालमीत यावरून वाद झाला.
ॲलन म्हणाला, डी हा सूर आहे,
पियानोतला डी विरेपर्यंत थांबायचं, बस.
मॉड म्हणाली, सुरासाठी कोणी
कागदाला भोक पडेस्तोवर पेन्सिल दाबत नाही.
मग डेव्हिड निघाला, फ्रान्सला गेलेला भाऊ.
मग डॅनियल, गिरणीत माग दुरुस्त करणारा.
मंडळातल्या आयरिसनं हळूच डोरोथी म्हटलं
आणि बिस्किटांचा डबा जोरात बंद केला.

आज तो सूर आला.
मॉडनं धनू तारेवरून उचललं नाही,
नुसतं थांबवलं,
जसं दारावर ठोठावायला उचललेला हात थांबतो.
माझी बोटं पानाच्या कोपऱ्यावर.
पुलावरून मँचेस्टरची गाडी गेली.
कुत्रीनं उसासा टाकला.
कुणाच्या तरी पोटात गुरगुरलं, कोणी हसलं नाही.

मी थांबले नव्हते.
विल्फ्रेड गेला तेव्हा मी खाली
पार्किंगच्या यंत्रात नाणी टाकत होते,
वीस पेन्सचं एक नाणं ते सारखं परत फेकत होतं
आणि मी सारखी ते पुन्हा आत टाकत होते.
वर आले तर नर्सनं खिडकी उघडलेली.

ॲलननं मान हलवली असणार.
मी पाहिली नाही.
दुसऱ्यांदा हलवली, भुवईसकट,
तेव्हा पान उलटलं, उशिरा.
तेवढा वेळ मॉड तिथंच उभी राहिली,
धनू तारेवर, डोळे मिटलेले.
लोकांना वाटलं, असंच लिहिलंय.

टाळ्या संपल्यावर खुर्च्या एकात एक घातल्या.
ॲलन म्हणाला, उशीर केलास.
म्हटलं, हो.
मॉड काही बोलली नाही, माझ्या कपात
न विचारता दोन चमचे साखर घातली.

वही पेटीत ठेवताना दिव्याखाली दिसलं :
तिसऱ्या पानाच्या वरच्या उजव्या कोपऱ्यावर
एक निळा अंगठा, शाईचा, पुसट,
माझ्यापेक्षा लहान.
कुणीतरी इथं बसलं होतं,
याच बाजूला,
आणि त्यालाही, किंवा तिलाही,
पान वेळेवर उलटत नव्हतं.

आयरिस ओरडली, चहा गार होतोय.
मी माझा अंगठा त्यावर ठेवून पाहिला,
मग वही मिटली.