उलटी अक्षरं

पापाच्या तिकटीला माझं दुकान, चार बाय सहा.
दूध संस्था, तालमी, सरपंच, पतपेढ्या,
सगळ्यांची नावं मी रबरावर उलटी कोरतो
म्हणून ती कागदावर सुलटी पडतात.

ओदिशो विद्यापीठात शिकायला आलेला.
क्लार्कनं नाव वाचून त्याला ओडिशाचा समजलं,
हे तो हसत सांगायचा.
गाव? म्हटलं, तर म्हणाला, खाबूर.
म्हणजे नदी.
तुमची पंचगंगा तशी, फक्त पाणी आटलेली.

पक्षाचं नाव त्यानं वहीत लिहून दिलं
उजवीकडून डावीकडं,
दाराच्या कड्यांसारखी वाकडी अक्षरं.
कोरताना बघतो तर ती चाललेली आपल्यासारखीच,
डावीकडून उजवीकडं.
म्हटलं, बघ भावा, उलटा केल्यावर
तुझा पक्ष कोल्हापूरचा झाला.

केवढा पक्ष?
एकशे चाळीस माणसं. एक कपाट. मामा खजिनदार.
गावातला शिक्का झिजून गेलेला,
पावतीवर नाव अर्धंच उठायचं.
सुट्टीत जाताना हा नवा नेणार होता.

आमच्याकडं पक्ष फुटतात. फुटला की मला दोन ऑर्डरी.
त्यांचा फुटला नाही, फोडला.
आधी एका बाजूचे आले : तुम्ही त्यांचे.
आठवड्यानं दुसऱ्या बाजूचे आले : तुम्ही त्यांचे.
कपाट रस्त्यावर आणून पेटवलं.
मामाला नेताना पायात चपला घालू दिल्या नाहीत,
एवढंच शेजारीण फोनवर बोलली.
चपला अजून उंबऱ्यात आहेत.
तिनं आत घेतल्या नाहीत;
घेतल्या तर तिलाही पक्षात धरतील.

तो दुकानात बसून राहिला.
बाहेर कुणाचा तरी गुलाल चाललेला,
डॉल्बीनं माझी काच थरथरत होती.
दर फटाक्याला तो टेबलाची कड धरायचा.
मी शटर अर्धं ओढलं.

मग त्यानं शिक्का मागितला.
माझ्या बिलबुकाची कोरी बाजू उलटून
एकेक ठसा उठवायला लागला,
प्रत्येकाखाली एक नाव.
आठवायला थांबायचा, ओठ हलायचे, परत लिहायचा.
एका नावाला त्यानं शिक्का दोनदा दाबला.
कोणाचं, ते मी विचारलं नाही.

सत्त्याऐंशीला शाई फिकी पडली.
किती झाले, म्हणाला, पैसे?
मी जांभळ्या शाईची बाटली उघडली,
पॅडवर ओतली.
आधी पुरं कर, म्हटलं.