मिठाचा चमचा

मस्कतची चार वर्षं नानांनी कधी सांगितली नाहीत.
एका खोलीत माणसं किती, पाइप किती तापायचे,
पाठीवरचा तो डाग कशाचा,
विचारलं की म्हणायचे, 'उन्हाळा आपल्याकडे बी असतो.'
सांगायचे ते फक्त विमानातले तास.

आधी गोळ्यांचं तबक. कानात घालायला कापूस.
मग चिमट्यात धरलेला गरम रुमाल
(नानांनी मान पुसली,
शेजारच्याचं बघून मग हात).
मग ट्रे.
इथे नाना थांबायचे,
केळीच्या घडाला कोयता लावण्याआधी थांबावं तसे.

एका खणात मटारचा भात, एका खणात पनीर.
आमच्या घरात तेव्हा पनीर कोणी पाहिलं नव्हतं,
आई त्याला दुधाची वडी म्हणायची.
सोनेरी कागदातलं चौकोनी लोणी.
बोटाच्या पेराएवढ्या दोन पुड्या, एक मीठ, एक मिरे.
आणि, 'सर, चहा की कॉफी?'
हे सांगताना नाना फक्त 'सर'पुरता आवाज बदलायचे.
फैजपुरात त्यांना कोणी सर म्हणत नसे.
मस्कतमध्ये तर नावानेही नसावेत हाक मारत.

त्या ट्रेमधला स्टीलचा चमचा,
दांड्यावर पंख कोरलेला,
त्यांच्या मोज्यातून आमच्या घरात उतरला.
चाळीस वर्षं मिठाच्या बरणीत आहे.
आईचं माप तेच:
वरणाला एक पंख, भाजीला अर्धा.

मागच्या फाल्गुनात नानांना जळगावहून विमानाने पुण्याला नेलं.
माझ्या बहिणीकडे, मंदाकडे.
छोटं विमान, बाहेर पंखे फिरताना दिसणारं.
कडक इस्त्रीचा शर्ट. सकाळपासून पोटात चहा फक्त.
आईने कळण्याची भाकरी अन् भरीत बांधलं, तर म्हणाले,
'ठेव ते. तिथं जेवण देतात.
आपण नाही म्हटलं तं त्याह्यले वाईट वाटतं.'

पट्ट्याचा दिवा विझला
आणि नानांनी समोरचा ट्रे पाडला.
दोन्ही हात त्याच्या कडांवर.
खाली गिरणेचं कोरडं पात्र.

मुलगी आली, अरुंद गाडी ढकलत.
'कप नूडल्स, कप उपमा, पाणी. कार्ड की यूपीआय?'
नाना माझ्याकडे बघू लागले,
जणू ती अरबीत बोलली.
मी दोन उपमे घेतले, चारशे रुपये.
'पैसे देऊन? हे काय भुसावळचं ठेसन आहे?'
तिने कपात गरम पाणी ओतलं,
झाकण दाबून पाच मिनिटं थांबा म्हणाली.
तेवढ्यात खानदेश संपला.

मग नानांनी आतल्या खिशातून चमचा काढला,
बाहीला पुसला, तिच्यापुढे धरला.
'हा तुमचा. चौऱ्याऐंशी सालचा.
द्यायचा राहून गेला.'
तिने तो उलटा करून पाहिला.
पंख तिच्या कंपनीचा नव्हता,
ज्या कंपनीचा होता ती आता बहुतेक नसेलच.
'सर,' ती म्हणाली, 'आम्ही चमचे ठेवत नाही,'
आणि लाकडाची एक पट्टी दिली.
हसली नाही. हे तिच्या खात्यावर जमा.
दिवसातलं चौथं उड्डाण असावं,
ओठ कोरडे होते,
ती स्वतः जेवली असेल असं वाटलं नाही.

नानांनी उपमा लाकडाच्या पट्टीने खाल्ला.
सगळा. तळाशी न भिजलेला रवा होता, तोसुद्धा.
ट्रे मात्र मिटेनात.
उतरायची वेळ झाली तेव्हा तिनेच येऊन मिटला,
हळूच, कपाट लावावं तसा.

मंदाने दारातच विचारलं, 'काय दिलं विमानात?'
नाना म्हणाले, 'सर म्हणली.'

ते समोरच्या कप्प्यात काहीतरी सारताना मी पाहिलं होतं,
सूचनांच्या कार्डामागे, खोल,
आणि खिडकीकडे बघत राहिलो होतो.

आता फैजपुरात आई मीठ हाताने घालते.
वरण कधी खारट, कधी अळणी.
दोघंही काही बोलत नाहीत.