बेटाचा पत्ता

डुलेश राइस मिलमध्ये पोती मोजतो.
त्याचे एकेचाळीस हजार
एका बेटावर अडकलेत.

मी सेवा केंद्र चालवतो, सडक अर्जुनीत.
सातबारा, जातीचे दाखले, पॅनकार्ड.
बेटाचं काम कधी आलं नव्हतं.

"जिकलो ना मी," तो म्हणतो, "विकेट गेली, जिकलो.
आकडा दिसते ना? मंग निघत कावून नाही?"
दिसतो. हिरवा.
काढायचा तर आधी नऊ हजार कर भरा,
म्हणते चॅटवरची कुणी रिया.
रियाला रात्री तीनलाही झोप नाही.
पैसे गेले ते कुठल्याशा टायरच्या दुकानाच्या खात्यात,
आता ते खातंही गोठलंय.

हवालदार बिसेन चांगला माणूस.
चहा पाजला, कोरा कागद काढला,
मग टोपण पुन्हा लावलं पेनला.
"खेळच बंदीतला हाये, बाबू.
लिवतो मी, पन तुजं नाव दोन रकान्यात येईल,
फिर्यादीत बी आन् आरोपीत बी.
कोनतं आधी लिवू?"

परतताना शाळेत मास्तरांना पृथ्वीगोल मागितला.
साइटच्या तळाशी बारीक अक्षरात होतं ते नाव
बोटानं शोधलं आम्ही,
समुद्रावरची धूळ पुसून पुसून.
जिथं असावं म्हणाले मास्तर
तिथं दोन अर्ध जोडणारी चिकटपट्टी.

मिलचा भोंगा झाला.
डुलेशनं गोल एकदा फिरवला
आणि त्याच्याकडंच बघत, हळूच,
"आन् नऊ हजार भरून टाकले तं?"