निवासी

नेमणुकीच्या कागदावर लिहिलंय ‘निवासी प्रशिक्षणार्थी’,
चिकित्सालयीन मानसशास्त्र, वर्ष दुसरं,
आणि राहायला खोली नाही.
विश्रांतवाडीत तिघींत एक न्हाणी,
डबा महिना अठ्ठावीसशे.
उदगीरला लग्नात मामांना सांगितलं, येरवड्याला लागलेय,
तर म्हणाले, ‘तुरुंगात का वेड्यांच्यात?’
अख्खा मांडव हसला. मीही हसले.
आमच्यात हसण्याचीही नोंद करतात:
प्रसंगाला धरून, की प्रसंग सोडून.

मंगळवारी ओपीडीत एकशे चाळीस केसपेपर,
आम्ही दोघी, टेबल एक,
त्याच्या एका पायाखाली जुन्या फॉर्मची घडी.
एकेकाच्या वाट्याला सात मिनिटं,
त्यातली दोन नाव नीट लिहिण्यात जातात.
बाहेर बाकावर एक बाप
पोराच्या चपला मांडीवर घेऊन बसलेला,
पोरगं पळून जाऊ नये म्हणून.

दुपारी वॉर्ड. डिसेंबरच्या आत
दहा सविस्तर नोंदी हव्यात मला.
नववी हौसाबाई धोत्रे.
वय अंदाजे साठ, मुक्काम एकोणीस वर्षं.
आज वार कोणता?
‘आंगुळीचा.’
शंभरातून सात गेले, आजी?
‘कुटं गेले? न सांगता?’
मग म्हणींचा तक्ता.
नाचता येईना अंगण वाकडे, म्हणजे काय?
तिनं माझ्याकडे पाहिलं, पुस्तिकेकडे पाहिलं.
‘कुणाचं आंगान?’
कुणाचंही.
‘कुणाचंही कसं आसंल?’
मी लिहिलं: अर्थ शब्दशः. अमूर्त विचार क्षीण. गुण शून्य.
आणि स्टॉपवॉच बंद केलं.

गुरुवारी बोकील मॅडमपुढे वही.
मॅडम ओरडत नाहीत,
चष्मा कपाळावर सरकवतात. ते जास्त लागतं.
‘मग, कुणाचं होतं अंगण?’
म्हटलं, ते चाचणीत नाही, मॅडम.
‘नाही ना. जा, विचारून या.’

शुक्रवारी ती वॉर्डामागे, दोऱ्यांवरच्या चादरी काढत होती.
एक टोक तिनं माझ्या हातात दिलं, न बघताच.
चादरीला दोन माणसं लागतात.
टोकाला टोक भिडवायचं तर चालत जवळ यावं लागतं,
मग पुन्हा मागं.
पुस्तिका पिशवीत होती. पिशवी गवतावर.
पाचव्या की सहाव्या चादरीला ती बोलली,
वाघोलीच्या खाणीवर, पत्र्याच्या खोलीपुढं,
तिनंच केलेलं, खडी चोपून, चार हात.
‘उताराची जागा. वाकडंच हुतं गं.
हंडा ठिवला की कलांडायचा.’
धाकटा तिथंच पाऊल टाकायला शिकला,
सगळा एका अंगाला लवून.
‘आजून तसाच चालत आसंल,’
आणि उशीचा अभ्रा झटकला तिनं,
जरा जास्तच जोरात.

रजिस्टरमध्ये पत्ता आहे.
समाजसेविका ढमढेरे बाई दोनदा जाऊन आल्या.
तिथं आता सोसायटीचं फाटक आहे, आणि कारंजं.
वॉचमननं वहीत त्यांची सही घेतली,
कुणाकडे आलात, हा रकाना कोरा ठेवून.

शनिवारी नोंद पुन्हा लिहिली.
शून्य खोडलं नाही. नियम आहेत, बाहेरचे परीक्षक येतात.
समासात बारीक अक्षरात लिहिलं:
अंगण उतारावर होतं.
मॅडमनी त्यावर काहीच लिहिलं नाही,
पेन मात्र बराच वेळ तिथं धरून ठेवलं,
शाईचा एक ठिपका पडला आहे.

तेव्हापासून संध्याकाळी चौकात बसची वाट बघताना
तिशी-पस्तिशीतला कुणी डावीकडे लवून चालताना दिसला
की मान वळते माझी.
तिघे दिसले आतापर्यंत.
एकाच्या खांद्यावर गॅसचा सिलिंडर होता,
तो धरायचा नाही.