ड्रॉवरमधली अकरा

मोंतेविदेओच्या बस डेपोत, तिसऱ्या खिडकीशी,
हरवलेल्या वस्तूंचा माणूस
काखेत थर्मास धरून नळीनं कडू चहा ओढत बसतो.
त्याला म्हटलं, माझं नेलकटर राहिलं बसमध्ये.
त्यानं नळी बाजूला केली.
छत्र्या विचारतात लोक, म्हणाला, कवळ्यासुद्धा.
नेलकटर?
हो.
कसं होतं?

आता कसं होतं म्हणजे काय सांगू.
बोटाच्या दोन पेरांएवढं. स्टीलचं.
पाठीवर कुठल्याशा देशाचं नाव होतं,
त्यातली दोन अक्षरं उरली होती
आणि तीही मलाच वाचता यायची.

सेर्रोच्या कत्तलखान्यात कामाला लागले
त्याच्या आदल्या रविवारी बाजारात घेतलं,
रेडिओचे जुने व्हॉल्व्ह विकणाऱ्या म्हाताऱ्याकडून.
त्यानं आधी स्वतःचं नख कापून दाखवलं, मग किंमत सांगितली.
दर सोमवारी फाटकावर दोन्या एरमेलिंदा
आमचे हात उलटे करून बघायच्या.
नखभर पांढरं दिसलं की परत घरी, दिवस बुडाला.
आम्ही चौदाजणी, कटर एक.
पहाटेच्या अंधारात ते रांगेतून पुढे सरकायचं,
टक्, टक्, टक्,
आणि फाटक उघडायच्या आत
चौदा हातांनी गरम होऊन माझ्याकडे परत यायचं.

मग लेक झाला.
कुणाचं नख लागू दिलं नाही त्याला;
त्याचं त्यालाच लागायचं, गालावर.
झोपला की कापायची, उजेड न लावता, चाचपून.
कुत्र्याची एकदाच कापली. तो चावला.

मग इस्पितळात वॉशिंग्टनची.
माझा थोरला भाऊ, नावाइतका लांब कधी गेलाच नाही,
पुलाच्या पलीकडे फार तर फुटबॉलला.
पायाची नखं शिंगासारखी झाली होती.
म्हणाला, मरायला टापटीप लागते का गं?
म्हटलं, मोजे फाटतात.
हसला, आणि त्याच्या अंगठ्याचं नख कापताना
कटरची खिट्टी सैल झाली ती झालीच.
तेव्हापासून ते जरा तिरकं दाबावं लागायचं,
नाहीतर कातडी धरायचं.

यातलं काहीएक खिडकीत सांगितलं नाही.
म्हटलं, जुनं आहे.

त्यानं ड्रॉवर ओढला.
आत अकरा नेलकटरं.
अकरा खिसे हलके झाले होते या शहरात
आणि विचारायला मी एकटी आले होते.
सगळी सारखीच दिसायला लागली. चष्माही घरी.
मग डोळेच मिटले
आणि एकेकाच्या दांडीवर अंगठा ठेवत गेले.
सातव्याला अंगठा खळग्यात बसला,
उशीत डोकं बसतं तसा.
हेच, म्हटलं. सही केली.
माणूस म्हणाला, चला, एक तरी गेलं.

घरी येऊन खिडकीशी डाव्या करंगळीचं नख कापलं.
साफ. पहिल्याच दाबात. कातडीला न शिवता.

इतकं चांगलं ते कधीच नव्हतं.

उद्या परत देऊ म्हणता म्हणता जून गेला.
रोज काढून बघायचे. तो खळगा.
कुणीतरी माझ्याइतकीच वर्षं
ह्याच जागी अंगठा ठेवला होता,
कुणाची कापली असतील त्यानं, कुणाच्या उशाशी बसून?
वापरलं मात्र नाही पुन्हा.
दुसऱ्याच्या चपला घातल्यासारखं वाटायचं.

जुलैत, वारा कान कापत असताना, गेले डेपोत.
खिडकीतला तोच माणूस, तोच थर्मास.
मी मूठ उघडायच्या आत म्हणाला,
बाई, तुमच्यासारखाच एक येऊन गेला मागच्या मंगळवारी,
जाडजूड, टोपीवाला. नेलकटर विचारत.
मग?
मग काय, ड्रॉवर उपसला,
एक उचललं आणि खूश होऊन गेला.
त्याचंच होतं?
म्हणाला तरी तसं.

मी ड्रॉवर बघायला मागितला. नऊ होती.
माझं त्यांत नव्हतं.
मागे रांग लागली होती, एकाची छत्री, एकीचा डबा.
मी मूठ पुन्हा मिटली.

परत आला तर, म्हटलं,
येईलच असं नाही, पण आला तर
सांगा त्याला,
ते जरा तिरकं दाबावं लागतं.